एकही दिवस कोरा नाही

सुपडू वना पाटलांना गावात सगळे बाटलीवाले आबा म्हणायचे. नवख्या माणसाला वाटायचं, म्हातारा पिणारा असणार. तसं काही नव्हतं. शिंदखेडा तालुक्यात तापीच्या अगदी काठावर त्यांचं गाव, आणि पुलावरून नदीत बाटली सोडायची ही त्यांची सरकारी नोकरी. लोखंडी पिंजऱ्यात बाटली बसवायची, दोरीने खाली उतरवायची, भरली की वर ओढायची. मग पुलाजवळच्या चौकीत ते पाणी कागदातून गाळायचं, कागद वाळवायचा, त्यावर उरलेला गाळ नाजूक तराजूत तोलायचा आणि वहीत लिहायचं की आज एका लिटरात इतके ग्रॅम. उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा, पावसाळ्यात रोज, पूर आला तर दिवसातून तीन वेळा. नदी किती चढली ते बघायला दुसरा माणूस होता. गाळ मात्र एकट्या आबांचा.

२००३ पासून २०१८ पर्यंत, म्हणजे सोळा पावसाळे त्यांनी हे काम केलं. त्याआधी त्याच चौकीत ते नाव वल्हवायला होते. अक्षर बरं म्हणून साहेबांनी वही हातात दिली. त्या दिवशी आबांनी घरी पेढे आणले होते. पहिलं वर्षभर खरोखरच त्यांनी एकही बाटली चुकवली नाही. कागद वाळेपर्यंत ते चौकीच्या दारात बसून राहायचे, आणि तराजूचा काटा थांबेपर्यंत श्वाससुद्धा जपून घ्यायचे.

दुसऱ्या वर्षी श्रावणात त्यांना थंडी वाजून ताप आला. दोन दिवस अंथरुणातून उठवेना. तिसऱ्या दिवशी वहीचं पान कोरं होतं, आणि त्याच दुपारी साहेब तपासणीला येणार होते. आदल्या दिवसांचे आकडे बघून त्यांनी दोन आकडे मधले टाकले. साहेब आले, चहा घेतला, पान न वाचता खाली सही करून निघून गेले.

इतकं सोपं असतं, हे आबांना तोवर माहीत नव्हतं.

त्याच्या पुढच्या पावसाळ्यात पुरात वाहत आलेलं एक झाड पिंजऱ्याला अडकलं आणि दोरी त्यांच्या तळहातातून सरसरत गेली. दोन्ही हातांची कातडी निघाली. तेव्हापासून पुराच्या दिवशी ते पुलावर जायचेच नाहीत. आधी चौकीच्या दारातून पाण्याचा रंग बघून आकडा लिहायचे. मग घरच्या ओट्यावरूनच. मग रंग बघायचंही राहून गेलं. या कामातही त्यांचा हात बसला. पूर्ण आकडा कधी लिहायचा नाही, दोन पाच असं काही शेवटी हवंच. लागोपाठ दोन दिवस एकच आकडा नको. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, पुराच्या दिवशी फार मोठा आकडा लिहायचा नाही, नाहीतर साहेब विचारतील. बेताचा लिहायचा.

ही वही वाचतंय कोण, असं त्यांना वाटायचं. दर महिन्याला कागद कचेरीत जायचे आणि तिकडेच कुठेतरी कपाटात पडायचे. आबा निवृत्त झाले तेव्हा खात्याने त्यांना हार घातला, भिंतीवरचं घड्याळ दिलं, आणि भाषणात कुणीतरी म्हणालं, असा नेमाचा माणूस होणे नाही. आबांनी मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला.

पाच वर्षं गेली. मागच्या हिवाळ्यात एक दिवस सकाळी अकराच्या सुमारास ऋतिका नावाची एक मुलगी त्यांचं घर विचारत आली. मूळची धरणगावची, सुरतेच्या बाजूला शिकत होती. तापी समुद्राला मिळते तिथली एक उथळ खाडी हा तिच्या अभ्यासाचा विषय. ओट्यावर बसल्या बसल्या तिने पिशवीतून कागदांचा एक गठ्ठा काढला, आणि आबांनी लांबूनच आपलं अक्षर ओळखलं.

"आबा, मी तुम्हाला दोन वर्षांपासून ओळखते," ती हसून म्हणाली. "रोज तुमचे आकडे बघते. एवढ्या मोठ्या नदीवर सलग सोळा वर्षं माहिती मिळाली ती फक्त तुमच्या चौकीची. बाकी ठिकाणी महिनेच्या महिने गाळलेले. तुमच्या वहीत एकही दिवस कोरा नाही!"

आबांच्या पत्नी धुरपदाबाई चहा घेऊन आल्या होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर अभिमान मावेना.

"पूर राहो का काही राहो, यास्ना एक दिन चुकना नही," त्या म्हणाल्या. "मन्ही सारिका बायतपनसाठे धुयाना दवाखानामा व्हती. तवय बी यास्नी नदी सोडी नही."

लेकीच्या धुळ्यातल्या बाळंतपणाचा विषय निघताच आबा म्हणाले, "अगं, चहा दे तिला आधी."

मग ऋतिकाने त्यांना समजावून सांगितलं. खाडी म्हणजे मोठी पसरट परात. भरतीला पाणी आत येतं, ओहोटीला निघून जातं, आणि नदीने आणलेला गाळ त्या परातीत इकडून तिकडे सरकत राहतो. समुद्र वर्षावर्षाला थोडा थोडा चढतोय. पुरेसा गाळ येत राहिला तर परातीचा तळही त्याच्याबरोबर चढतो आणि काठ टिकतो. गाळ कमी पडला की समुद्र काठ खातो. जास्त आला, किंवा नको तिथे जाऊन बसला, की नावांची वाट बुजते. वाटेत उकाईचं धरण आहे, बराच गाळ तिथेच अडतो. पण पुरात दरवाजे उघडले की बारीक गाळ खाली जातोच. म्हणून वरून किती आला हे आधी कळायला हवं.

"आणि ते फक्त तुम्हाला माहीत आहे," ऋतिका म्हणाली. "खाडीवरच्या गावाला तुम्हाला बघायचंय. याल ना?"

नाही म्हणायला आबांना कारण सापडेना. धुरपदाबाईंनी तर धोतराला नीळसुद्धा देऊन ठेवली.

आबांनी समुद्र कधी पाहिला नव्हता. गाडीने सुरत, तिथून जीपने खाडीकाठचं ते गाव. उतरल्यावर त्यांना समोर पाणी दिसलंच नाही. ओहोटी लागली होती. नजर पोचेल तिथवर करडा, चकचकीत चिखल, आणि त्यात एका अंगावर कललेल्या नावा. फार लांब एक बारीक पांढरी रेघ होती. ऋतिका म्हणाली, तो समुद्र.

"आणि हा चिखल म्हणजे आपलीच माती, आबा. चोपड्याची, धरणगावची, तुमच्या शेताची."

गावाच्या पुढे सिमेंटचा लांबलचक धक्का होता. नावा लावायला बांधलेला. त्याच्या तिन्ही बाजूंनी चिखल इतका वर आला होता, की धक्क्याच्या लोखंडी खुंट्यांवर कुणी जाळी वाळत घातली होती. तिथे आता नाव येतच नव्हती. बायका टोपल्या डोक्यावर घेऊन चिखल तुडवत येत होत्या. पाय मांडीपर्यंत आत जायचा, मग दुसरा पाय काढायचा. आबा बघत असताना एक वयस्कर बाई मध्येच थांबली, टोपली तशीच डोक्यावर धरून उभ्या उभ्या दम खाल्ला आणि पुन्हा चालू लागली.

"आठ वर्षांपूर्वी बांधला," ऋतिका सांगत होती. "तेव्हा हिशेब काढला होता, की या वळणात तीस वर्षं गाळ भरणार नाही. तिसऱ्याच वर्षी भरला. आणि त्या बाजूला बघा, तिथे तिवरांचं रान होतं. ते समुद्राने खाल्लं. उधाणाला खारं पाणी थेट घरात शिरतं."

"तो हिशेब कोणी काढला?" आबांनी विचारलं.

"आमच्या आधीच्या लोकांनी. नदीतून येणारा गाळ त्यांनी तुमच्याच चौकीवरून घेतला होता. तेव्हाही सलग नोंदी तेवढ्याच होत्या ना. म्हणूनच मला कळत नाहीये, की चूक नेमकी कुठे झाली."

ती हे अगदी सहज म्हणाली. आबांना मात्र पुराच्या दिवसांचे आपले ते बेताचे आकडे आठवले.

दुपारी शाळेच्या पटांगणात गाव जमलं. मघाची वयस्कर बाई, धनीबेन तिचं नाव, पाय धुऊन पहिल्या ओळीत येऊन बसली होती. सभेआधी तिने आबांना हाताला धरून आपल्या घरी नेलं होतं आणि भिंतीवर कमरेइतक्या उंचीची मिठाची रेघ दाखवली होती. सरपंच म्हणाले, जो माणूस सोळा वर्षं रोज आपली नदी मोजत होता तो आज आपल्यात आहे. धनीबेनच्या हातून आबांना शाल घालण्यात आली. शाल घालताना तिच्या बोटांच्या भेगांत अजून चिखल होता.

"आ तो अमारी नदीना मामा," ती सगळ्यांकडे वळून म्हणाली, आणि लोक हसले. आबांना गुजराती कळत होती. आमच्या नदीचे मामा.

दोन शब्द बोला, असा आग्रह झाला. आबा उभे राहिले. सांगून टाकावं, असं त्यांच्या मनात आलं होतं. निदान पुढे ते स्वतःला तसं सांगत राहिले. पण समोर बायकांचे ते भिजलेले पदर आणि वर बघणारी तोंडं होती.

"मी काही विशेष केलं नाही," ते म्हणाले. "फक्त माझं काम केलं."

टाळ्या वाजल्या. बराच वेळ वाजत होत्या.

परतीच्या गाडीत शाल पिशवीत घालून आबा खिडकीशी बसले. ऋतिका समोर, धरणगावला आईवडिलांकडे निघालेली. नवापूर गेलं, नंदुरबार गेलं. कापसाची शेतं सुरू झाली. ऋतिकाने डब्यातली पुरी पुढे केली आणि आबांना ती घेववेना.

"ऋतिका, ते आकडे खरे नाहीत," ते म्हणाले.

तिला वाटलं, तराजूबद्दल बोलतायत. "थोडंफार इकडेतिकडे होणारच, आबा."

"तसं नाही. मी नदीवर जातच नव्हतो. घरी बसून लिहायचो."

पुरी तिच्या हातात तशीच राहिली. "किती दिवस?"

"पावसाळ्यातले निम्मे असतील. पुराचे तर बहुतेक सगळेच."

शेजारचा माणूस वर बघायला लागला म्हणून ती खाली वाकून, हळू आवाजात बोलली, आणि तो हळू आवाज आबांना ओरडण्यापेक्षा जड गेला. "आबा, वर्षाचा बहुतेक गाळ पुराच्या पंधरा-वीस दिवसांतच येतो. बाकीचे दिवस नसते तरी चाललं असतं. नेमके तेच दिवस..."

"तो धक्का माझ्यामुळे बुजला का?"

तिने पुरी डब्यात परत ठेवली. "माहीत नाही. धरणात किती बसला, समुद्र किती चढला, लाटांनी कुठून उचलून कुठे टाकला, खूप गोष्टी असतात. त्यात तुमचा वाटा किती, हे सांगायलासुद्धा तुमचेच आकडे लागतात."

दोंडाईचा गेलं. शिंदखेडा आलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "तुमचं स्टेशन आलं." आबा उतरले. फलाटावरून त्यांनी डब्याकडे पाहून हात जोडले. ती दुसरीकडे बघत होती.

घरी धुरपदाबाईंनी शेजारच्या सुगंधाबाईंना बोलावून शाल दाखवली. आबा डोकं दुखतंय म्हणून पडून राहिले.

ऋतिका आता येणार नाही, असं ते धरून चालले होते. पण बाराव्या दिवशी ती आली. डोळ्यांखाली काळं दिसत होतं. सोबत सगळ्या पावसाळ्यांच्या नकला होत्या.

"रागवायला आलेले नाही," ती म्हणाली. "म्हणजे राग आहे. पण काम राहिलंय. एकेक तारीख वाचते. तुम्ही फक्त खरा किंवा खोटा एवढंच सांगायचं. आठवत नसेल तर तो खोटाच धरू."

धुरपदाबाई तिथेच सुपातल्या शेंगा फोडत बसल्या होत्या. "काय खोटं?" त्यांनी विचारलं.

ऋतिकाने आबांकडे पाहिलं. हे आबांनाच सांगावं लागणार होतं. त्यांनी सांगितलं. चार वाक्यांत. धुरपदाबाई ऐकत राहिल्या, मग शेंगांचं सूप थोडं लांब सरकवून पुन्हा फोडू लागल्या. आवाज मात्र आता हळू येत होता.

तारखा सुरू झाल्या. आबांना आठवत होतं, त्यांनाच नवल वाटावं इतकं. त्या आठवड्यात पुतण्याचं लग्न होतं, चार दिवस खोटे. हा पोळ्याचा दिवस, खोटा. हा खरा, त्या दिवशी बाटलीत मासोळी आली होती. हा खरा. ही सबंध पंधरवड्याची रांग खोटी, तेव्हा घराला स्लॅब टाकत होतो. ऋतिका लाल पेन्सिलीने काट मारत होती. कुठलाच दिवस मोठ्या संकटाचा निघेना. तापाचे ते पहिले दोन आणि हात सोलले तो एक, एवढेच. बाकी आळस, कंटाळा, पत्ते, भाऊबंदकीची बैठक, क्रिकेटची मॅच. आपलं आयुष्य असं तारखेवारी कुणी वाचून दाखवेल, असं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

"२०१४, भाद्रपदातला पूर," ऋतिका म्हणाली. "नऊ सप्टेंबर."

शेंगा फोडायचा आवाज थांबला. तो दिवस घरात सगळ्यांना पाठ होता. त्या दिवशी धुळ्यात सारिकाचा मुलगा, त्यांचा नातू, जन्मला होता.

"खरा," आबा म्हणाले.

ऋतिकाने कागद जवळ धरला. "पाणी एवढं चढलं आणि गाळ जवळजवळ आदल्या दिवसाइतकाच?"

"खरा आहे म्हणतो ना."

तिने काट मारली नाही. पुढच्या तारखा वाचल्या. दहा, अकरा, बारा. आबा उत्तरं देत होते, पण आपण काय बोलतोय ते त्यांना ऐकू येत नव्हतं. पान उलटलं. ऑक्टोबर आला.

"मागे जा," आबा म्हणाले. "नऊ तारीख. खोटा लिही."

ऋतिकाने पेन्सिल उचलली आणि तशीच धरून ठेवली.

धुरपदाबाईंनी विचारलं, "तुम्ही त्या दिन कथा व्हतात?"

आबा त्यांच्याकडे न बघता म्हणाले, "चोपड्याकडे. दोस्त भूपेंद्रच्या केळीच्या बागेत. तो ग्रामपंचायतीला निवडून आला होता, मटणाचं जेवण होतं."

"मी फोन कया व्हता."

"हो."

"तुम्ही सांगं, पूर शे. नदी सोडता येत नही."

"हो."

धुरपदाबाईंनी मांडीवरची टरफलं झटकली. बोलल्या तेव्हा त्या ऋतिकाशी बोलत होत्या, नवऱ्याशी नाही. "पोर आडेल व्हती. डाक्टरनी आपरेशनना कागद पुढे कया. कोन शे संगे, म्हने. मी एकटी. काय लिखेल शे माले काय कये? आंगठा दिधा. हात नर्सनी धरा व्हता." मग जरा थांबून म्हणाल्या, "दहा वरीस गावमा बठ्ठास्ले सांगी राह्यनू, मन्हा मानूस पुरामा उभा व्हता."

त्या सूप घेऊन आत गेल्या. ऋतिका कागद गोळा करू लागली, पण आबांनी तिला थांबवलं. "वाच पुढे," ते म्हणाले. "सगळे संपवूनच जा."

ऊन उतरेपर्यंत त्यांनी २०१८ पर्यंतचे सगळे पावसाळे पुरे केले. आतून धुरपदाबाईंनी दोघांना चहा पाठवला, शेजारच्या कुंदाबाईच्या हाती. स्वतः आल्या नाहीत.

पुरता भरवशाचा पहिलाच पावसाळा; पूर न आलेले तीन त्यात धरले तरी सोळांपैकी चारच उरले. ऋतिकाचा प्रबंध दीड वर्ष लांबला. कचेरीत ती स्वतः जाऊन सांगून आली, आणि आबांनी लेखी जबाब दिला. त्यावर पुढे काय झालं ते कुणी कळवलं नाही. खाडीवरच्या गावाला हे तोंडाने सांगायला हवं, असं ती म्हणाली तेव्हा आबा म्हणाले, मीही येतो, त्यांचे पाय धरतो.

"नको," ऋतिका म्हणाली. "धनीबेन तुम्हाला उठवून जेवायला वाढतील. त्यांना माफ करायला लावू नका. दुसरा धक्का कुठे बांधायचा ते ठरायचंय, तेवढंच मला तिथे बोलू द्या."

ते आबांना लागलं, आणि पटलंही. ती एकटी गेली.

घरात धुरपदाबाई बोलत होत्या, जेवायला वाढत होत्या, औषधाची गोळी आठवणीने देत होत्या. फक्त गावात कुणाशी नवऱ्याविषयी बोलायच्या थांबल्या. सुगंधाबाईंनी एकदा ओट्यावर त्या शालीचा विषय काढला, तर त्या म्हणाल्या, दळण आणायचंय, आणि उठून गेल्या. आबा आत बसून हे ऐकत होते.

एका सकाळी त्यांनी फोन हातात घेतला. धुरपदाबाई चुलीपुढे भाकरी थापत होत्या. आबा त्यांच्यासमोरच खाली बसले आणि नाशिकला सारिकाला फोन लावला. आधी नातवाच्या परीक्षेचं झालं. मग त्यांनी त्या दिवसाचं सांगितलं, सगळं, मटणासकट.  पलीकडे कुकरची शिट्टी वाजली.

"आबा," सारिका म्हणाली, "आजून काय काय शे?"

आबांनी तोंड उघडलं. धुरपदाबाईंचा हात भाकरीवर थांबला होता, आणि तारखा वाचल्या त्या दिवसापासून पहिल्यांदाच त्या सरळ त्यांच्याकडे बघत होत्या.

"शे," आबा म्हणाले. "सांगतो."